बोटीचा ट्रेलर: ठणका, किरकिर आणि एक गप्प चाक

१४ मे

पवनीच्या मच्छीमार संस्थेचा ट्रेलर दुपारी वर्कशॉपला आला. सिंगल ॲक्सल, वर सतरा फुटी फायबरची बोट, मागे ६० हॉर्सपॉवरचं मशीन. बोलेरोला जोडून आणला. संस्थेनं तो तीन वर्षांमागे मुंबईकडून जुना घेतला, बोटीसकट. आधी समुद्रावर चालला असणार, कारण चेसिसच्या कोपऱ्यांत गंजाचे पापुद्रे आहेत. गोसीखुर्द धरणाच्या गोड्या पाण्यानं इतका गंज येत नाही.

तक्रार ड्रायव्हरभाऊंच्या शब्दांत: "ब्रेक मारला का मागून कोनी ढकलून रायलं असं वाटते जी. ठण्णकन वाजते. अन् दुपारी उजवं चाक किरकिर करते. पन कधी कधी काहीच आवाज येत नाई, तेच समजून नाई रायलं."

शेवटचं वाक्य अधोरेखित करून ठेवलं. आवाज रोज येतो तेव्हा शोधणं सोपं. जो काही दिवस येतो आणि काही दिवस दडी मारतो, त्याला कारण असतं आणि ते बहुतेक वेळा माणसाच्या हातात असतं.

सचिवांची मुदत मृगाच्या आधीची, म्हणजे ७ जूनच्या आत. २०२० च्या ऑगस्टअखेरीला वैनगंगेचा पूर आला तेव्हा बोट लागली की काय धावपळ होते ते इथं सगळ्यांनी पाहिलंय. ३३ दरवाजांचं धरण शेजारी असलं की पावसाळ्यात बोट ट्रेलरवर तयार असावी लागते.

वर्कशॉपला आयटीआयचा पोरगा आहे, त्यानं विचारलं, ट्रेलरला ब्रेकची तार किंवा हवेचा पाइप कुठंच कसा नाही? बरोबर प्रश्न. आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना बहुतेक ब्रेकच नसतात, त्यामुळं हे जवळून पाहायला मिळत नाही. याचा ब्रेक सर्ज प्रकारचा. यात पुढची गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर स्वतःच्या वजनानं पुढं सरकतो. दांडीच्या टोकाला एकात एक सरकणाऱ्या दोन पेट्या असतात. आतली दबली की तिच्यामागची सळई मास्टर सिलिंडर दाबते आणि तेलाचा दाब दोन्ही चाकांच्या ड्रमात जातो. तिथं व्हील सिलिंडर शू नावाच्या अर्धगोल पट्ट्या ड्रमाला आतून दाबतो. म्हणजे ब्रेक लावणारा पाय ट्रेलरचा स्वतःचा. जितकं जोरात गाडी थांबेल तितका जोरात ट्रेलर ब्रेक लावील. ब्रेकसाठी गाडीला एकही वायर जोडायची गरज नाही, म्हणून बोटवाल्यांना ही पद्धत आवडते. पाण्यात बुडवायच्या वस्तूला वायरी नकोत.

१५ मे

काहीच न उघडता आधी रस्त्यावर नेला. सकाळी गार असताना पवनी ते अड्याळ रोडवर मोकळा पट्टा पाहून ब्रेक मारत गेलो. मी मागं मोटरसायकलवर.

तीन आवाज वेगवेगळे पकडले. पहिला ठणका. गाडी थांबताना एक आणि निघताना दुसरा, दोन्ही दांडीच्या टोकाकडून. दुसरी किरकिर, फक्त उजव्या चाकातून, हलक्या ब्रेकवर. तिसरी सतत हलकी घर्र, उजवीकडूनच, ब्रेकशी संबंध नाही, वेग वाढला की वाढते. तिसरी बेअरिंगची असावी असं लिहून बाजूला ठेवलं.

दुपारी पुन्हा नेला, पारा ४४ वर. आता ठणका सकाळपेक्षा कमी आणि किरकिर जास्त. ही अदलाबदल महत्त्वाची. गारव्यात एक गोष्ट सैल आहे आणि तीच तापली की आवळते आहे.

परत आल्यावर राईस मिलच्या इलेक्ट्रिशियनकडून तापमान मोजायची गन मागून आणली. ते मोटरच्या बेअरिंगसाठी वापरतात. उजवा ड्रम १६२ अंश. डावा ५१. दुपारच्या उन्हात उभ्या ट्रेलरचं लोखंडही जवळजवळ तितकंच तापलेलं असतं, म्हणजे डाव्या ड्रमानं स्वतःची उष्णता बनवलीच नाही.

पोरगा म्हणाला, "मंग उजव्याचंच काम काढा ना." मी म्हटलं, उजवं चाक दोघांचं काम करून ओरडतंय. आधी गप्प बसलेलं पाहायचं.

१६ मे

आज फक्त पुढचं टोक. ट्रेलरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, बोलेरो जोडून ड्रायव्हरभाऊंना अगदी थोडी पुढं, थोडी मागं करायला सांगितली. मी बाजूला बसून पाहत होतो. आतल्या पेटीवर खडूनं रेघ मारून ठेवली की ती किती सरकते ते मोजता येतं. चाकं अडवलेली असल्यानं हालचाल फक्त दोन ठिकाणी होऊ शकते, बोलेरोच्या मागचा गोळा आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर यांच्या मध्ये किंवा पेटीत. दोन्हीकडं होत होती.

गोळा व्हर्नियरनं मोजला. ४९.३ मि.मी., आणि एका बाजूला ४८.९, म्हणजे झिजून अंडाकृती झालेला. कपलरवर दोन इंच कोरलंय, म्हणजे ५०.८. जागच्या जागीच दीड मि.मी. खेळ. हा गोळा कुठल्यातरी लेथवर फिरवून काढलेला आहे, वर ना माप कोरलं आहे ना भार. असला गोळा मी पुन्हा लावणार नाही. कुठल्या लोखंडाचा आहे, त्यावर टनाचा धक्का बसला की तो वाकतो की तुटतो, कोण सांगणार? घडीव, माप आणि भार कोरलेला नवा मागवायचा. बाजारात ५० मि.मी.चे मिळतात ते युरोपी मापाचे, ते या कपलरमध्ये सैलच राहतील.

पेटी ४६ मि.मी. सरकतेय आणि शेवटाला लोखंडावर लोखंड आपटतं. आत एक डॅम्पर असतो. दिसायला छोट्या शॉकअपसारखा, काम एकच: पेटी सावकाश दबू द्यायची आणि सावकाश सुटू द्यायची. तो काढून हातात धरला तर सायकलच्या पंपापेक्षा सहज आत-बाहेर होतो. तेल कधीच गळून गेलं, सीलभोवती काळी मळी जमलीय. निघतानाचा ठणका यानंच. पेटी सुटते आणि अडवणारं कोणी नाही.

पोरग्यानं सुचवलं की मोटरसायकलचा मागचा शॉकअप कापून बसवू. नाही. त्याला स्प्रिंग असते. ती स्प्रिंग दबवायला ट्रेलरला आधी जोर लावावा लागेल, मगच ब्रेकला दाब मिळेल. आवाज जाईल, ब्रेक उशिरा लागेल.

आणि आता "कधी कधी आवाज येत नाई" याचं उत्तर. पेटीच्या बाजूला एक आरपार भोक आहे आणि भोकाच्या कडा चमकताहेत. ड्रायव्हरभाऊंना विचारलं तर डिक्कीतून अर्ध्या इंचाचा बोल्ट काढून दाखवला. धरणाच्या काठावर उताराला बोट पाण्यात सोडायची तर ट्रेलर मागं ढकलावा लागतो. मागं ढकलताना पेटी दबते, ब्रेक लागतात, चिखलात चाकं जाम होतात. म्हणून हा बोल्ट भोकात घालून पेटीच अडवतात. भोक त्यासाठीच आहे, ते चूक नाही. बोट घेऊन परत निघताना बोल्ट काढायचा राहून गेला की पेटी हलत नाही. ठणका नाही, किरकिर नाही.

ब्रेकही नाही. आवाज नव्हता ते सगळे दिवस संस्थेची बोट बिनब्रेकची रस्त्यावरून गेली.

१८ मे

घोड्या लावून दोन्ही चाकं काढली.

डावा ड्रम आतून विटकरी. शू जिथं घासतात तो पट्टासुद्धा गंजलेला, म्हणजे तिथं बरेच महिने काही टेकलेलं नाही. शूवरचे घासणारे थर, म्हणजे लायनर, जवळपास नव्यासारखे. जुन्या ट्रेलरवर नवे लायनर दिसले की खूश होऊ नये. व्हील सिलिंडरचे दोन्ही पिस्टन हातोडीच्या दांड्यानंही हलले नाहीत.

उजवा ड्रम निळसर डागांचा, आत नखाला लागतील अशा चऱ्या. लायनर एका बाजूला रिबिटाच्या डोक्यापर्यंत आले आहेत आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत. किरकिर तिथली. शिवाय शू ज्या बॅकिंग प्लेटवर सरकतात तिथल्या टेकण्याच्या जागा कोरड्या ठणठणीत, खाच पडलेल्या. ब्रेक लागताना शू थरथरतो तो इथं.

इथं एक गोष्ट दिसली जी मला अपेक्षित नव्हती. हे ब्रेक फ्री-बॅकिंगचे आहेत. पाठचा शू एका हलत्या पट्टीवर बसवलेला असतो. चाक मागं फिरलं की ड्रम त्या शूला ओढून सैल करतो आणि मागं ढकलताना ब्रेक धरत नाही. म्हणजे कारखान्यानं बोल्टाची गरज फारशी ठेवलेलीच नव्हती. दोन्हीकडच्या पट्ट्या गंजून प्लेटला चिकटल्यात, म्हणून ड्रायव्हरभाऊंना बोल्ट लागायला लागला.

बुरादा हवेनं उडवू दिला नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. साबणाच्या पाण्यानं धुतलं, ब्रश मारला. पोरगा कुरकुरला, पण नाकाला रुमाल बांधून केलं.

१९ मे

आज तेल.

डाव्याची ब्लीडर (हवा काढायची चावी) सैल करून कपलरकडून पेटी दाबली. एक थेंब नाही. होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, आधीचा नट सैल केला तर तेल फवाऱ्यासारखं. म्हणजे होज आतून बंद. नंतर कापून पाहिला, रबर फुगून भोक सुईएवढं उरलंय. बाहेरून होज ठीकठाक, एक भेगही नाही.

मग उजवी बाजू. त्या पहिल्या फेरीतल्या गरम-गार अदलाबदलीचं कोडं अजून होतं. १५ तारखेला परत आल्यावर मी उजवं चाक जॅकवर उचलून पाहिलं होतं, हातानं फिरत नव्हतं, तासाभरानं सुटलं. ड्रम पुन्हा बसवून, थोडं अंतर चालवून तापवून आणलं. चाक आवळलेलं असतानाच मास्टर सिलिंडरच्या तोंडाचा पाइप नट सैल केला. पिचकारी उडाली आणि चाक लगेच मोकळं. दाब मास्टरमध्येच अडकत होता. उजव्या होजचा दोष असता तर मास्टरकडचा नट सोडून चाक सुटलं नसतं.

मास्टरच्या टाकीचं झाकण उघडून पेटी हलकेच दाबली. ब्रेक सुटलेला असताना टाकी आणि सिलिंडर यांना जोडणारं एक बारीक छिद्र उघडं असतं, दाबाच्या पहिल्या क्षणी त्यातून टाकीत छोटी उकळी दिसायला हवी. दिसली नाही. आतला रबरी कप फुगून त्या छिद्रावर बसलाय. ड्रम तापला, तेल फुगलं, परत जायला वाट नाही, म्हणून शू आवळले. आवळले म्हणून आणखी तापले. दुपारी ठणका कमी का, तेही समजलं. शू आधीच टेकलेले, पेटीला सरकायला जागा उरत नाही.

दोन्हीकडं रबरच का फुगलं? स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन टाकीतलं तेल त्यात थेंबभर टाकलं. शेजारच्या वाटीत नव्या डब्यातलं डॉट-३ ब्रेक ऑइल. नवं पाण्यात विरघळून गेलं. टाकीतलं तवंग होऊन तरंगत राहिलं.

खनिज तेल. रंगावरून आणि वासावरून ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं. कोणी टाकलं ते संस्थेत कोणालाच आठवत नाही, आणि मला त्यात रस नाही. आपल्याकडं असं होणारच. नव्या ट्रॅक्टरांचे ऑइल इमर्स्ड ब्रेक गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेले असतात, तिथं ब्रेक आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल चालतं. ज्यानं हयातभर ट्रॅक्टर पाहिला त्याला ब्रेक ऑइल ही वेगळी चीज का, हा प्रश्न पडत नाही. पण या सिस्टिमचं रबर ग्लायकॉलच्या तेलासाठी बनवलेलं आहे, खनिज तेल लागलं की ते फुगतं.

याचा अर्थ नुसतं तेल बदलून भागत नाही. जिथं जिथं रबर आहे ते सगळं काढायचं. मास्टर, दोन व्हील सिलिंडर, दोन्ही होज. उजवा होज चालू होता, तरी तोही.

सचिवांना फोन केला. खर्च ऐकून थोडा वेळ गप्प, मग, "आवाजापुरतं करून नाई होनार का?" नाही म्हटलं. आवाजापुरतं करायचं तर तो बोल्ट आहेच.

२२ मे

मास्टर, डॅम्पर, व्हील सिलिंडर आणि दोन इंची गोळा मुंबईहून मागवले, ट्रान्सपोर्टनं नागपूरपर्यंत येतील. डॅम्पर मागवताना नुसतं मॉडेल सांगून चालत नाही. डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी दबलेली आणि ताणलेली दोन्ही, शिवाय बोल्टचा व्यास, असं लिहून पाठवलं.

लायनर भंडाऱ्याला चिकटवायला दिले. ड्रम टर्नरकडं. ड्रमच्या कडेला कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्या आत राहून जेवढं निघेल तेवढंच काढ, चऱ्या राहिल्या तरी चालतील असं सांगितलं. डावा नुसता घासूनच साफ झाला.

कोणीतरी येऊन सुचवून गेलं की किरकिर करणाऱ्या लायनरवर थोडं डिझेल मारायचं. हे सगळीकडं चालतं. किरकिर बंद होते ती ब्रेक बंद झाल्यामुळं.

२५ मे

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. दुपारी बारा ते चार शटर खाली.

सकाळी फक्त स्टीलचे पाइप धुतले, आधी स्पिरिटनं, मग हवा मारून, मग ताज्या ब्रेक ऑइलनं, तवंग येईनासा होईपर्यंत. प्रत्येक वेळी वाटीतली तीच परीक्षा.

उजवी बेअरिंग काढली. ग्रीस दुधाळ. बेअरिंग तापलेली असताना हब, म्हणजे ती बसते तो चाकाचा मधला भाग, थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. अडकलेला ब्रेक, तापलेला हब आणि थेट धरणाच्या पाण्यात बुडी, घर्र याच क्रमानं आली. दोन्ही बाजूंना नवी बेअरिंग, नवी सील, पाण्यात टिकणारं ग्रीस. ड्रायव्हरभाऊंना सांगायचं: काठावर पोचल्यावर आधी मशीन तपासा, दोऱ्या सोडा, हब हाताला सोसवेल इतका निवू द्या, मग पाण्यात.

३० मे

पार्सल आलं. दिवसभर बसवणं. फ्री-बॅकिंगच्या पट्ट्या सोडवून, पॉलिश पेपर मारून, हातानं सहज फिरताहेत. टेकण्याच्या जागांवर उष्णतेला टिकणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं. लायनरच्या कडा कानशीनं तिरप्या केल्या.

आखूड लायनरचा शू पुढं, लांब मागं. आधी कोणीतरी डाव्या बाजूला उलटे बसवलेले होते.

१ जून

हवा काढली. पेटी दाबायला एकानं पान्ह्यानं लिव्हर द्यायचा, दुसऱ्यानं ब्लीडर उघडायची. लांबच्या चाकापासून सुरुवात.

शू जुळवताना एक काळजी. प्लेटच्या मागच्या रबरी बुचातून चकती फिरवायची आणि चाक फक्त पुढच्या दिशेनं फिरवायचं. एकदा जरी उलटं फिरलं की फ्री-बॅकिंगचा शू मागं पडतो आणि जुळवणी खोटी लागते. चाक हातानं हलेनासं होईपर्यंत आवळलं, मग लायनर नुसता कुजबुजेल इतपत सोडलं.

खडूची रेघ: पेटी आता १९ मि.मी. सरकते. गोळा ५०.८, कपलरखालचा नट आवळून खेळ काढला. डॅम्पर हातानं दाबायला दोन्ही हात लागतात.

ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी आणीबाणीची तार साखळीच्या हुकातच गुंतवलेली होती, आणि इतकी आखूड की तीव्र वळणावर ती ताणली जाऊन ब्रेक लागले असते. वेगळी कडी लावून दिली. साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून तिरप्या.

३ जून

रिकामा ट्रेलर, मग बोटीसह. नवे लायनर बसायला हलके ब्रेक मारत नेला. ठणका गेला. थांबताना आता एक मऊ धक्का लागतो, तेवढा राहणारच, पेटी सरकल्याशिवाय हा ब्रेक लागत नाही.

ड्रम: उजवा ८८, डावा ८४. हे दोन आकडे सचिवांना फोटो काढून पाठवले.

५ जून

गोसीच्या काठावर. बोल्ट न घालता ड्रायव्हरभाऊंनी ट्रेलर उतारावरून मागं ढकलला आणि गेला. तळाशी चिखल जास्त होता तिथं थोडा अडला, पण चाकं जाम झाली नाहीत. पुराच्या वेळी जास्त चिखलात बोल्ट लागेलच. म्हणून तो ठेवला, पण त्याला लाल कापडाची हातभर पट्टी शिवून दिली. आरशात दिसेल.

बाहेर काढल्यावर पहिल्या काही ब्रेकना दोन्ही चाकांतून खरखर. ड्रायव्हरभाऊ लगेच थांबले. ही राहू द्या म्हटलं. ओल्या ड्रमावर काही तासांतच गंजाचा पातळ थर येतो आणि गाळाचे कण असतात, ते घासून जातात. गावाच्या वेशीपर्यंत गेली. दोन्हीकडून सारखी येऊन दोन्हीकडून सारखी जाते तोवर ठीक. एकाच चाकातून राहिली तर घेऊन या.

टाकीच्या झाकणावर पेंटनं लिहिलं: फक्त ब्रेक ऑइल डॉट-३. उरलेला डबा संस्थेच्या कपाटात, ट्रॅक्टरच्या तेलाच्या कॅनपासून लांब. बिल दिलं, अर्धे पैसे आले, बाकी मासेमारीचा हंगाम सुरू झाल्यावर.

दिवाळीला लायनर आणि सील उघडून पाहायचे.